पन्नास वॅट आणि वेताळ टेकडी : जॅझ केंद्राच्या प्रक्षेपणाच्या नोंदी

२ मे २०२५

३० एप्रिलला, आंतरराष्ट्रीय जॅझ दिनाचा मुहूर्त साधून आमचं पुण्यातलं सामुदायिक एफएम रेडिओ केंद्र सुरू झालं. संध्याकाळी सहाला पहिला ट्रंपेट हवेत गेला तेव्हा स्टुडिओत आम्ही नऊजण दाटीवाटीनं उभे होतो आणि सगळ्यांची नजर वॅटमीटरच्या काट्यावर होती. पेढे वाटून झाले, फोटो झाले. आता ही वही. प्रक्षेपणाची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून काय केलं, कुठे ऐकू आलं आणि कुठे आलं नाही ते तारखेनिशी लिहून ठेवणार आहे. उद्या दुसऱ्या कुणाकडे हे काम गेलं तर त्याला पहिल्यापासून चाचपडायला नको.

मूळ माहिती एकदाच लिहिते. एरंडवण्यात कर्वे रस्त्याच्या आत चार मजली इमारत, गच्चीवर १५ मीटरचा मास्ट म्हणजे अँटेनाचा खांब, त्याचं टोक जमिनीपासून २९ मीटरवर. सामुदायिक रेडिओच्या अँटेनाला ३० मीटरच्या वर जायची परवानगी नाही. ट्रान्समीटर ५० वॅटचा. अँटेनामुळे मिळणारी वाढ धरूनही प्रभावी शक्ती १०० वॅटच्या आत राहिली पाहिजे. एकावर एक असे दोन उभे डायपोल, म्हणजे दोन दांड्यांच्या साध्या अँटेना, लावलेत. उभे अशासाठी, की गाडीची अँटेना आणि मोबाइलला लटकणारी इअरफोनची वायर, दोन्ही उभ्याच असतात.

शहरातली मोठी एफएम केंद्रं किलोवॅटच्या हिशेबात चालतात. आमची सगळी ताकद एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी.

६ मे

पहिली फेरी. मैत्रीण स्कूटर चालवत होती, मी मागे. मांडीवर दोन यंत्रं: सिग्नलचा आकडा दाखवणारा हातातला रिसीव्हर आणि स्वयंपाकघरात असतो तसला साधा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर. आकडा एकावर वाचायचा, कान दुसऱ्याला लावायचा.

निघण्यापूर्वी एक ठरवलं होतं. नुसतं ‘येतं’ किंवा ‘येत नाही’ असं लिहायचं नाही. जॅझमध्ये एकाच तुकड्यात ट्रंपेट कान उघडतो आणि दोन मिनिटांनी नुसता डबल बास बोटांनी छेडलेला असतो, मागे ड्रमवर ब्रश फिरत असतो, बाकी सगळे थांबलेले. ट्रंपेट तर खरखरीतूनही पोचतो. बास पोचला तरच गाणं पोचलं. म्हणून नकाशावर तीन रंग केले. लाल: निवेदकाचं बोलणं कळतं. पिवळा: ट्रंपेट, सॅक्सोफोन नीट. हिरवा: बास आणि ब्रशसुद्धा ऐकू येतात.

नळ स्टॉप, डेक्कन, प्रभात रस्ता, सेनापती बापट रस्ता: हिरवा. लकडी पुलापलीकडे पेठांत शिरल्यावर रुंद रस्त्यावर हिरवा, गल्लीत पिवळा. कर्वे पुतळ्यापर्यंत हिरवा, कर्वेनगरला पिवळा. वारज्याला हायवेच्या पुलाजवळ चहाच्या टपरीपाशी थांबलो. एक बास सोलो लागला होता, मला पाठ आहे तो. त्यातले चार-पाच सूर कळले, उरलेले खरखरीत गेले. टपरीवाले मामा म्हणाले, “बंद पडलं वाटतं.” त्यांना वाटलं गाणं संपलं. वारजे लाल.

पर्वतीच्या मागे सहकारनगरात कुठे पिवळा, कुठे काहीच नाही. विद्यापीठ चौकापर्यंत ठीक. तिथून पाषाण रस्त्याला लागलो आणि एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) पुढे आवाज असा गेला, की रिसीव्हर बिघडला वाटून मी दोनदा बंद करून चालू केला. बावधनला शून्य.

१३ मे

पाषाण आणि बावधनचं उत्तर समोरच उभं आहे. मास्टपाशी उभं राहून पश्चिमेला पाहिलं की वेताळ टेकडी. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची जीव की प्राण, आणि माझ्यासाठी भिंत.

हिशेब मांडला. आमच्या पट्ट्यात तरंगलांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. एवढ्या लांबीची लहर जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते, टेकडीच्या माथ्यावरून वाकून पलीकडे उतरते ती अगदी थोडी. अँटेनापासून दीड किलोमीटरवर माथा, पलीकडे अडीच किलोमीटरवर ऐकणारा आणि मधली धार सरळ रेषेच्या १०० मीटर वर, असं धरलं तर नुकसान २० डेसिबलच्या वर जातं. म्हणजे शंभरातला एक भागही पलीकडे उतरत नाही. त्यात इमारती, झाडं, घराच्या भिंती वेगळ्या.

आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला आहे, तिथे एका लहरीची लांबी ३७५ मीटरपेक्षा जास्त. अशी लहर टेकडीला वळसा घालून जमिनीला धरून जाते. म्हणून पाषाणच्या जुन्या सेटवर सकाळची भक्तिगीतं खणखणीत लागायची आणि आमचा सॅक्सोफोन लागत नाही. यात बिघाड कुणाचाच नाही.

दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का आहे, हे लहानपणी सहलीत विचारलं होतं तेव्हा बाईंनी “उंच म्हणून” एवढंच सांगितलं होतं. तेवढंच उत्तर पुरेसं होतं, हे आता कळतंय. आमचा परवाना मात्र एका जागेवरच्या एका ट्रान्समीटरचा आहे. टेकडीवर दुसरा डबा नेऊन ठेवायची सोय नाही, आणि त्या टेकडीवर कुणी काही बांधू नये असं मला स्वतःलाही वाटतं.

२१ मे

आज बैठकीत विचारणा झाली: इंटरनेटवर ऐकवतोच आहोत, मग या वायरी आणि टेकड्या कशाला? प्रश्न रास्त आहे आणि विचारणारे आमचेच आहेत, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवते.

आमचा परवाना समाजासाठी आहे. अर्ज करताना आम्ही ज्यांची नावं पुढे केली ते पेठांतले आणि कॅम्पातले बँडवाले आहेत. ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी घरं. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीत ती आपण ऐकतो, पण तीच वाद्यं जगात आणखी काय काय करून बसली आहेत ते त्यांच्या मुलांपर्यंत सहज पोचत नाही. बँडचं दुकान म्हणजे रस्त्याला उघडणारी एक खोली, भिंतीला टांगलेले गणवेश, आणि फळीवर दिवसभर चालू असलेला रेडिओ. त्या फळीवरच्या रेडिओवर लागलं पाहिजे. रिक्षात, इमारतीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये, शिवणकामाच्या मशीनशेजारी लागलं पाहिजे. तिथे कुणी डेटा जाळत बसत नाही.

आणखी एक, घरचं कारण. बाबांनी जॅझ ऐकला तो शॉर्टवेव्हवर. व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोव्हर यांचा कार्यक्रम १९५५ पासून होता. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळावं म्हणून ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. बाबा रात्री सदाशिव पेठेतल्या वाड्यात माळ्यावर सेट घेऊन बसत आणि सूर लाटेसारखा पुढे येई, मागे जाई. कधी ऐन सोलोत बुडून जाई. ते म्हणत, बुडालेला भाग मी मनात वाजवून घ्यायचो. हजारो किलोमीटर ओलांडून आलेलं होतं ते. आम्हाला पाच किलोमीटर जायचंय.

५ जून

मेच्या शेवटच्या आठवड्यातच पाऊस लागला आणि दहा दिवसांत परावर्तित शक्तीचा काटा हलायला लागला. सुरुवातीला अर्ध्या वॅटच्या आत होता, आज सकाळी ६ वॅट. म्हणजे ५० पाठवले तर ६ अँटेनाकडून परत येताहेत, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ मोजणारं गुणोत्तर) दोनच्या वर. असंच वाढत गेलं तर ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती कमी करत जातो. काल रात्री कोथरूडहून दोन फोन आले होते, “आज बारीक येतंय.”

कुठेतरी पाणी मुरतंय, हे आपण एरवी संशय आला की म्हणतो. इथे ते शब्दशः खरं होतं. दुपारी पाऊस थांबल्यावर ट्रान्समीटर बंद केला, किल्ली माझ्या खिशात ठेवली, मगच मास्टवाल्याला वर चढू दिलं. हा नियम कधीही मोडायचा नाही, वर माणूस असताना अँटेनात वॅट जाता कामा नयेत. त्यानं खालच्या डायपोलचा कनेक्टर सोडवून दोरीनं खाली सोडला. वरून टेप अगदी नवी दिसत होती. पात्यानं टेप कापली तर आतून चहाचा चमचाभर पाणी ओघळलं. मधली तांब्याची सळी हिरवी पडली होती, बाहेरची चांदीसारखी जाळी काळी. बोटानं चोळली तर काळं बोटाला लागलं. केबल फूटभर कापली, आत अजून काळी. आणखी फूटभर कापली, तिथेही तेच. जाळीच्या विणीतून पाणी वातीतून तेल चढावं तसं आत शिरत गेलं होतं.

चूक माझी आहे. एप्रिलमध्ये घाईत केबल कनेक्टरपासून सरळ खाली सोडली होती. आधी तिला खाली पोट द्यायला हवं होतं, म्हणजे पाणी त्या पोटाच्या तळाशी ठिबकून गेलं असतं. आणि टेप वरून खाली गुंडाळली होती. ती खालून वर गुंडाळायची असते, कौलं जशी एकावर एक बसतात तशी, म्हणजे पाणी जोडात न शिरता वरून निघून जातं.

११ जून

केबल अख्खीच बदलली. जुनी लवचीक जाळीची केबल स्वस्त म्हणून घेतली होती. स्टुडिओपासून मास्टच्या टोकापर्यंत ४० मीटर, तेवढ्यात अडीच डेसिबल खात होती. म्हणजे खालून निघालेल्या ५० वॅटपैकी वर पोचत होते जेमतेम २८, आणि हे कोरडी असताना. नवी अर्ध्या इंची, नालीदार तांब्याच्या कवचाची. तिचं नुकसान एक डेसिबलच्या आत, वर चाळिसाच्या पुढे वॅट पोचतात. दोन डायपोलांची वाढ धरून प्रभावी शक्ती ८० वॅटच्या आसपास येते, मर्यादेच्या आतच.

जोडावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, वर साधी टेप, दोन्ही खालून वर. केबलला पोट दिलं. परावर्तित शक्ती पुन्हा अर्धा वॅट. कर्वेनगर दोन चौक सोडून हिरवं झालं.

२५ जून

आजचा दिवस माझ्या लक्षात राहणार आहे.

गेले तीन आठवडे आमचे स्वयंसेवक ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी ऐकून टिपण करताहेत. कर्वेनगरच्या एका मुलीच्या वहीत रोज रात्री ९च्या सुमारास ‘खरखर, सतत, एका लयीत’ असं लिहिलेलं. इतर वेळी स्वच्छ. मी समजले, रात्री शेजारी कुणीतरी एलईडी दिवा किंवा चार्जर लावत असेल. सदोष चार्जरमुळे असा आवाज येतो. म्हणून आज मीच तिच्या घरी जाऊन बसले. तिच्या आईनं पोहे केले, नऊ वाजले, ती म्हणाली, “ही बघा, सुरू झाली.”

ऐकलं आणि अंगावर काटा आला. तो ब्रश होता. नऊचा कार्यक्रम संथ गाण्यांचा, त्यात ड्रमर काठ्या ठेवून देतो आणि तारांचे दोन ब्रश स्नेअर ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवत राहतो. श्श्श-शु, श्श्श-शु. तिनं ब्रश कधी ऐकलाच नव्हता. रेडिओतून येणारा असला आवाज म्हणजे खरखर, हेच तिला आजवर माहीत. मी फोनवरून स्टुडिओत सांगितलं, गाणं संपल्यावर दहा सेकंद पूर्ण शांतता सोड. शांततेत खरी खरखर ऐकू आली: सपाट, लय नसलेली, आणि ब्रशच्या जवळजवळ तेवढीच मोठी.

म्हणजे कर्वेनगरच्या त्या घरात वाद्य आणि दोष एकाच उंचीवर बसले होते. मी नकाशावर तिथे हिरवा भरला होता. तो खोडून पिवळा केला.

मग तिच्या वहीत मागच्या पानावर ब्रश कसा धरतात त्याचं चित्र काढून दिलं. निघताना ती पुन्हा लावून ऐकत होती.

आता रोज सकाळी ७ला आणि रात्री पावणेनऊला दहा सेकंदांची शांतता सोडतो. टिपण करणाऱ्यांनी ती आधी ऐकायची, मग गाणं.

३ जुलै

मोनोचा निर्णय, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज पाठवायचा. तीन तास चर्चा चालली.

बाजू अशी. एफएमवर स्टिरिओ पाठवायचा म्हणजे मूळ आवाजाच्या वर १९ किलोहर्ट्झचा एक पायलट सूर आणि ३८ किलोहर्ट्झवर बसवलेला डाव्या-उजव्याचा फरक पाठवायचा. एफएममध्ये जितकं वर जावं तितका गोंगाट वाढत जातो, त्यामुळे तो फरक गोंगाटाच्या दाट भागात बसतो. सिग्नल दुबळा असेल तिथे स्टिरिओत खरखर मोनोपेक्षा साधारण २० डेसिबलनं जास्त. टेकडीनं जेवढं हिरावलं जवळपास तेवढंच आम्ही आपल्या हातानं घालवत होतो. पायलट बंद केला की सगळे रिसीव्हर आपोआप मोनोत येतात.

विरोध आमच्या संगीत संयोजकांचा. ते शांतपणे म्हणाले, “सुरुवातीच्या स्टिरिओत सॅक्सोफोन एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात ठेवलेले असतात. तुम्ही सगळ्यांना एका खुर्चीवर बसवताय.” त्यांचं म्हणणं मला पटतं. पण बाजारात स्टिरिओ तबकड्या आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्याआधीचा चाळीस वर्षांचा जॅझ, १९१७च्या पहिल्या रेकॉर्डपासूनचा, मुळातच मोनो आहे. १९२५ पर्यंत तर मायक्रोफोनही नव्हता, सगळे एका भोंग्यासमोर उभे राहून वाजवत. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर पहिल्यांदा ध्वनिमुद्रण करताना लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट सगळ्यांना झाकून टाकायचा म्हणून त्याला लांब मागे उभं केलं होतं, असं सांगतात. यंत्राच्या मापात स्वतःला बसवून घेणं या संगीताला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

ठरलं: एरवी सगळं मोनो, रविवारी रात्री दोन तास स्टिरिओ. तेव्हा लांबच्यांनी समजून घ्यायचं. पायलट मीच बंद केला. पंधरा मिनिटांत कर्वेनगरहून मेसेज आला, “शांतता आता खरोखर शांत आहे.”

१६ जुलै

ध्वनीवर काम. एफएममध्ये पाठवण्याआधी वरचे सूर मुद्दाम उचलतात आणि रिसीव्हर ते तेवढेच खाली आणतो, त्याबरोबर खरखरही खाली येते. किती उचलायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे, ५० मायक्रोसेकंद या मापानं. बोलण्याला ते उत्तम. पण राइड सिंबल (ड्रमच्या संचातली मोठी झांज) आणि तोंडाला म्यूटची वाटी लावलेला ट्रंपेट यांच्यात वरचे सूर ठासून भरलेले. ते आणखी उचलले की लिमिटर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारं यंत्र, दचकतो आणि सगळा आवाज दाबतो. परिणाम असा, की सिंबलच्या प्रत्येक ठोक्याला पियानो किंचित मागे जातो. एकदा कानाला लागलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

आता वरच्या सुरांना वेगळा लिमिटर, बाकीच्याला वेगळा. आवाज सरसकट दाबून मोठा करायचा सल्ला दोघांनी दिला. लांबवर ऐकू येतं, हे खरं. पण मग बास सोलो आणि ट्रंपेट एकाच मापाचे होतात. थोडं दाबलंय, हळू भाग ४ डेसिबल वर आणलाय. त्यापुढे मी जाणार नाही.

३० जुलै

उघडीप मिळाली म्हणून मास्टवाल्याला पुन्हा बोलावलं. डायपोल लोखंडी मास्टच्या एका बाजूला आहेत आणि मास्ट स्वतःच आरशासारखा वागतो, डायपोल ज्या बाजूला त्या बाजूला जास्त, मागे कमी. एप्रिलमध्ये सोयीचं पडलं म्हणून ते ईशान्येला बसवले होते. तिकडे तर हिरवाच आहे! नैऋत्येला, कर्वेनगर आणि वारज्याच्या दिशेला, मास्टची पाठ होती. दोन्ही ब्रॅकेट फिरवून नैऋत्येला केले. दोन तासांचं काम. तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही.

१३ ऑगस्ट

२५० वॅटचा विषय. सामुदायिक रेडिओच्या मार्गदर्शक तत्त्वांत, भूभागच तसा असेल आणि गरज सिद्ध झाली तर प्रभावी शक्ती २५० वॅटपर्यंत विचारात घेता येईल, अशी तरतूद आहे. अर्ज करावा असा सगळ्यांचा उत्साह.

मी हिशेब फळ्यावर मांडला. १०० चे २५० म्हणजे ४ डेसिबलची वाढ. टेकडी खाते २० च्या वर. जुनी केबल एकटी दीडहून अधिक जास्तीचे खात होती, मोनोनं लांबच्या घरांना २० च्या घरात परत दिले. २५० वॅटनं वारजे आणि सहकारनगरला फायदा होईल, पाषाण-बावधनला होणार नाही. अर्ज करायचा तर वारज्यासाठी करू, आणि त्यात तीन रंगांचा नकाशा जोडू. पाषाणचं नाव घालून गरज मोठी दाखवायची नाही. यावर कुणी वाद घातला नाही.

माहितीपत्रकातून ‘संपूर्ण पुणे’ हे शब्द काढले. ‘टेकडीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला’ असं छापायला दिलं, पाषाण-बावधनसाठी खाली इंटरनेटचा पत्ता.

त्याच पत्रकात एक चित्र: ८० सेंटिमीटरच्या दोन तारा, एक वर, एक खाली, मध्ये टीव्हीच्या केबलची आतली तार एकीला आणि जाळी दुसरीला जोडलेली, खिडकीच्या लाकडी चौकटीला उभ्या बांधलेल्या. लोखंडी जाळीला टेकू द्यायच्या नाहीत. सहकारनगरातल्या दोन घरी मी स्वतः बांधून दिली, एका घरी लालचा पिवळा झाला. आणि सेट शक्य तितका उंचावर. सपाट जमिनीच्या हिशेबात दीड मीटर उंची आणि दहा मीटर उंची यांत १६ डेसिबलचा फरक पडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जे ऐकू येतं ते खालच्या वॉचमनला येत नाही ते यामुळे.

३१ ऑगस्ट

गणपतीचा पाचवा दिवस. पेठांत आता लाल. मंडपांच्या एलईडी माळांना जी स्वस्त ड्रायव्हरं असतात त्यांची खरखर थेट एफएमच्या पट्ट्यात पसरते. माळ बंद केली की आवाज परत. एका मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आपणहून दहा मिनिटं माळा बंद करून दाखवल्या, उगाच कुणाला दोष नको म्हणून. अनंत चतुर्दशीपर्यंत असंच राहणार. नोंद करून सोडून देते.

१० सप्टेंबर

विसर्जनाची गडबड संपली आणि ठरल्याप्रमाणे एक बँडमास्तर स्टुडिओत आले, घरातली तिसरी पिढी. ओठ सुजलेले होते. चतुर्दशीला रात्रभर वाजवलं होतं. ट्रंपेटची पेटी उघडली, तर आत मखमल झिजून कापडाचे धागे दिसत होते आणि पिस्टनला लावायच्या तेलाच्या बाटलीशेजारी आजोबांचा फोटो.

चिक चॉकलेट यांच्यावरच्या भागासाठी त्यांना बोलावलं होतं. मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे. मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट गाजवला आणि सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा हात होता. मास्तरांना नाव माहीत नव्हतं. तुकडा ऐकवला आणि ते म्हणाले, “ताई, हे तर आमच्या आजोबांचं वरातीतलं.” मग तेच सूर त्यांनी वाजवले, ओठ दुखत असताना. शेवटचा सूर लांबवताना डोळे मिटले होते. मी लेव्हलचा काटा पाहायचं विसरले. नंतर तपासलं, कुठेही फाटला नाही.

१९ सप्टेंबर

पूर्ण फेरी, मेमध्ये होती त्याच रस्त्यानं, त्याच स्कूटरवर, तोच ट्रान्झिस्टर.

पेठा: माळा उतरल्या, गल्ल्यांतही बहुतेक हिरवा. सहकारनगर: पिवळा, पर्वतीच्या अगदी पायथ्याला लाल. पाषाण: एनसीएलच्या पुढे लाल, तोही तुटक. बावधन: नाही. नकाशावर तो भाग पांढराच ठेवला.

कर्वेनगर हिरवं. सकाळी ७च्या शांततेत मुलीच्या घरी ऐकून, मग भरलं.

वारज्याला पुलाजवळ टपरीपाशी थांबलो. मेमधला तोच बास सोलो आज मुद्दाम ठेवायला सांगितला होता. ट्रान्झिस्टर बाकावर ठेवला. पियानो थांबला, सॅक्सोफोन आधीच थांबला होता. बास एकटा. मामांनी गॅस बारीक केला आणि किटली हातात धरूनच उभे राहिले. सगळे सूर आले. मागचा ब्रशही आला, अगदी बारीक. मधे एक ट्रक गेला तेव्हा दोन सूर गेले, ते मोजत नाही.

वारजे, टपरी, सकाळी ९:४०: हिरवा.

उद्या: वरचा कनेक्टर उघडून गंज पाहणे. बँडमास्तरांचा भाग रविवारच्या स्टिरिओत लावायचा की रोजच्या मोनोत, ते संयोजकांना विचारणे.